प्रमाण आणि सान्निध्य : काशीच्या गोरे पितापुत्रीची ख्रिस्तभक्ती

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय ख्रिस्तीजनांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वादांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणाशी वाद केला, कोणते खंडन केव्हा छापले, बाप्तिस्म्याच्या दिवशी आप्तांनी काय गहजब केला, या गोष्टी त्यात तपशिलाने येतात. बाप्तिस्म्याचा दिवस संपला की इतिहासकाराचे कुतूहलही संपते. वास्तविक धर्मांतराचा दिवस एकच असतो. त्यानंतर येणाऱ्या सकाळी मात्र हजारो असतात. त्या सकाळी हा मनुष्य देवासमोर कसा बसला, त्याच्याशी काय बोलला, देव जवळ आहे ही प्रतीती त्याला रोज येत होती की नाही, हा प्रश्न वादग्रंथांतून सुटत नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे आणि त्यांची कन्या एलन लक्ष्मी यांची चरित्रे एकत्र वाचली म्हणजे हा प्रश्न मध्यभागी येतो. पित्याला तो जन्मभर छळत राहिला. कन्येने त्याचे उत्तर एका गीतात दिले, आणि ते गीत इंग्रजी बोलणाऱ्या जगाच्या पाठीवर पसरले.

गोरे घराणे चित्पावन. नीळकंठांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घरातील वडीलधारे बांद्याच्या नबाबाच्या पदरी होते. बांद्याचे नबाब म्हणजे पहिले बाजीराव व मस्तानी यांचे वंशज. तेव्हा बुंदेलखंडातील एका चित्पावन कुटुंबाची चाकरीही पेशवाईच्याच एका फाट्यावर होती असे म्हणता येईल. पुढे हे कुटुंब काशीस स्थायिक झाले. काशीतील महाराष्ट्र त्या काळी केवळ यात्रेकरूंचा नव्हता. पैठणचे भट्ट घराणे तेथे शतकांपूर्वी जाऊन राहिले होते व त्याच घराण्यातील गागाभट्टांनी शिवराज्याभिषेकाचा विधी केला. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर कोपरगावचे, पण त्यांचे कर्तृत्व काशीचे. नागोजीभट्ट काळे यांचे व्याकरण काशीच्या पाठशाळांत प्रमाण होते. विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले ते अहिल्याबाईंनी. आणि ज्या ग्रंथाने मराठी भक्तीला भागवताचे अधिष्ठान दिले, तो एकनाथांचा एकादशस्कंध पुरा झाला तोही १५७३ मध्ये काशीतच. पांडित्य आणि भक्ती या दोहोंची महाराष्ट्रीय परंपरा ज्या नगरीत शेजारी शेजारी राहत होती, तेथे नीळकंठाचे अध्ययन झाले.

या तरुणाच्या मनाचा कल आरंभापासूनच लक्षात घेण्याजोगा आहे. घर शैव होते. त्याने विचारान्ती विष्णूची उपासना स्वीकारली. कुलाचार म्हणून मिळालेला देव त्याला पुरला नाही. ज्याची उपासना करावयाची तोच खरा परमेश्वर आहे याची खात्री त्याला हवी होती. पुढील सर्व आयुष्याचे बीज या खटपटीत आहे. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताचे मंडन करणारा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. पंडितांच्या भाषेत व पंडितांच्याच रीतीने लिहिलेल्या या ग्रंथाला पंडितांकडून उत्तरे गेली. त्यांपैकी नीळकंठशास्त्र्यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे १८४४-४५ च्या सुमाराचे, म्हणजे कर्त्याच्या विशीच्या उंबरठ्यावरचे आहे. त्यातील भूमिका अशी की, अतींद्रिय विषयात तर्काला स्वतंत्र अधिकार नाही. श्रद्धा आधी व तर्क तिच्या मागून. शास्त्राने जे सांगितले त्याला पोषक होणे एवढेच बुद्धीचे काम. रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये या सर्व वादाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे या संस्कृत ग्रंथांकडे आता केवळ कुतूहल म्हणून पाहता येत नाही.

ख्रिस्ती मताचे खंडन करावे या हेतूनेच नीळकंठशास्त्री काशीच्या चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागले. गंगेच्या घाटांपासून दूर, सिग्रा भागात त्या मिशनचे ठाणे होते. स्मिथ वाद करीत, पुस्तके देत, आणि वाट पाहत. ज्या अनुमानांनी पंडित हरावा असे म्यूर यांना वाटले होते त्यांनी तो हरला नाही. ‘नव्या करारा’तील डोंगरावरील प्रवचनाने मात्र त्याच्या मनात घर केले. १८४८ च्या मार्च महिन्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो काशीत नव्हे, जौनपूरला. नेहेम्या हे नाव त्या दिवसापासूनचे. स्मिथ यांनी या धर्मांतराची हकीकत ‘द्विज’ या नावाने १८५० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. दोनदा जन्मलेला, या अर्थाचा श्लेष मिशनऱ्याला साहजिकच मोहक वाटला असावा; पण ज्याला दुसरा जन्म मिळाला असे शीर्षक सांगत होते, त्याचे मन पहिल्या जन्मातल्या सवयी घेऊनच तिकडे गेले होते.

येथे या चरित्रातील मोठा विपर्यास दिसतो. हिंदू असताना ज्याने तर्काला श्रद्धेच्या दारात उभे केले, तोच ख्रिस्ती झाल्यावर तर्काला घरात घेऊन बसला. श्रद्धा बदलण्यासाठी तर्काचा उपयोग केल्यावर त्याला पुन्हा बाहेर काढणे कठीण असते. बाप्तिस्म्यानंतर गोरे यांना शंका आल्या, त्या एकदाच आल्या असे नाही. त्या आयुष्यभर येत राहिल्या. अनंतकाळच्या शिक्षेचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, धर्मग्रंथाचे प्रामाण्य, यांपैकी प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी आधी स्वतःशी झुंज घेतली आणि मग लोकांसाठी पुस्तिका लिहिल्या. त्यांच्या वादग्रंथांचा वाचक पुष्कळदा ते स्वतःच आहेत असे वाटते.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. ख्रिस्ती देशात ख्रिस्ती जीवन पाहावयास मिळेल ही अपेक्षा होती. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची त्यांची भेट झाली व त्या भेटीची आठवण म्यूलर यांनी आपल्या भारतीय मित्रांविषयीच्या पुस्तकात नमूद केली आहे. लंडनमध्ये जे पाहिले त्यालाच ख्रिस्ती धर्म म्हणत असतील तर आपल्याला तो नको, अशा मनःस्थितीत हा काशीचा पंडित त्यांच्यापुढे बसला होता. या निराशेला राष्ट्राभिमानाचे रूप देण्याचा मोह चरित्रकाराला होईल. परंतु तिचे मूळ अधिक खोल आहे. प्रभूच्या सहवासात राहणारा मनुष्य दिसण्यात, बोलण्यात, खाण्यापिण्यात वेगळा असला पाहिजे, ही अपेक्षा काशीची आहे. घाटावर पहाटे स्नान करून संध्या करणाऱ्याच्या मुखावर ती संध्या दिवसभर दिसावी असे ज्या नगरीत मानतात, तेथून आलेल्याला रविवारपुरती उपासना समजणे कठीणच.

परत आल्यावर त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले. हा ग्रंथ हिंदीत १८६० साली प्रसिद्ध झाला आणि संस्कृतचे अभ्यासक फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्यास काढला. सहा दर्शनांचे खंडन असे त्याचे स्वरूप असले तरी त्याचा रोख प्रामुख्याने वेदान्ताकडे आहे. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक ही सत्तेची त्रिविध वाटणी गोरे यांना मान्य नाही; जीव व ब्रह्म यांचे ऐक्य तर मुळीच नाही. या खंडनातील तांत्रिक बळ कितपत आहे याचा निर्णय दर्शनशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा. वेदान्ताची बाजू ते सर्वत्र न्याय्यपणे मांडतात असे म्हणवत नाही. परंतु या ग्रंथामागील कळकळ भक्ताची आहे. उपासक व उपास्य ही शेवटी एकच वस्तू असेल तर प्रार्थना कोणी कोणापाशी करावयाची? जवळ येण्यासाठी दोघे लागतात. सान्निध्याला द्वैत हवे, हा या खंडनाचा गाभा आहे, आणि मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. अद्वैताचा अनुभव सांगून झाल्यावरही तुकोबांनी देव-भक्तपणाचे अंतर मागून घेतले, ते याच गोडीसाठी. गोरे यांनी आपल्या भाषेतील या साक्षीला वादात उभे केले असते तर त्यांचा ग्रंथ वेगळा झाला असता. पण त्यांचा प्रतिपक्षी काशीचा शास्त्री होता आणि त्याच्यापुढे सूत्र व भाष्य यांखेरीज दुसरे प्रमाण चालत नव्हते.

१८६८ मध्ये त्यांना डीकनची व १८७० मध्ये प्रीस्टची दीक्षा मिळाली. तथापि त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १८७६ साली. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे रिचर्ड म्यूक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये संत योहानाच्या नावाने एक संन्यासी संघ स्थापन केला होता; गोरे त्या संघात नवदीक्षित म्हणून दाखल झाले. वयाच्या पन्नाशीत हा पंडित पुन्हा शिष्य झाला. या संघाचे जीवन घड्याळाला बांधलेले असे. ठरलेल्या प्रहरी स्तोत्रपाठ, प्रभुभोजन, मौन, रोजचे ध्यान, पापनिवेदन. आज मन लागले की नाही हे विचारावयाचे नाही. वेळ झाली की बसावयाचे. ज्याला खात्री हवी होती आणि जी खात्री वादातून येईना, त्याला या नेमात आधार सापडला. देव जवळ आहे हे सिद्ध करता येत नसेल तर तो जवळ आहे असे धरून रोज त्याच्यापुढे बसता येते. शंकेने ग्रासलेल्या मनाला हा एक मोठा शोध आहे, आणि तो त्यांनी ग्रंथात लिहिला नाही, आचरला.

नित्यनेम हा शब्द येथे सहज सुचतो आणि तो अप्रस्तुत नाही. वारकऱ्याचा हरिपाठ, वैदिकाची त्रिकाळ संध्या आणि काउलीचे प्रहर यांचे देव भिन्न आहेत, तत्त्वज्ञान भिन्न आहे. परंतु मनाच्या लहरीवर देवाची भेट सोपवावयाची नाही, हा निर्धार एकच. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता व क्षमा या कल्पनांनी ईश्वरानेच हिंदूंची ख्रिस्तासाठी पूर्वतयारी करून ठेवली आहे, असे खुद्द गोरे यांचे मत होते. षड्दर्शनांचे खंडन करणाऱ्याच्या लेखणीतून हा अभिप्राय यावा याचे आश्चर्य वाटते. पण त्यांची दिनचर्या पाहिल्यावर ते आश्चर्य उरत नाही. शास्त्र टाकले तरी वैराग्य त्यांनी टाकले नव्हते.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत राहून गेली. संघाची अखेरची प्रतिज्ञा त्यांनी कधीच घेतली नाही. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नवदीक्षितच राहिले. कोणी याला मनाचा दुबळेपणा म्हणेल. परंतु प्रतिज्ञा म्हणजे पुढील सर्व सकाळींबद्दल आज दिलेले वचन, आणि उद्याच्या सकाळी आपली श्रद्धा कोठे असेल याची ज्याला शाश्वती नाही त्याने ते वचन देऊ नये, हाही प्रामाणिकपणाच आहे. त्यांनी रोज नेम पाळला आणि तो रोज नव्याने पाळला.

पुण्यात पंचहौद मिशनशी त्यांचा निकटचा संबंध होता. हे नाव उच्चारताच मराठी वाचकाला १८९० चे चहाचे प्रकरण व त्यानिमित्त रानडे-टिळकांसह अनेकांना सोसावा लागलेला ग्रामण्याचा वाद आठवतो. त्या वास्तूचा याहून गंभीर इतिहास गोरे व पंडिता रमाबाई यांच्या संवादाचा आहे. ब्राह्मो मतापासून आपले मन वळविण्याचे श्रेय रमाबाईंनी गोरे यांना दिले आहे. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई असे सांगतात की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो लाभ सुमारे आठ वर्षांनी झाला. गोरे यांच्या पद्धतीची शक्ती व मर्यादा या एका कबुलीत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे कोठे दिसत नाही. प्रमाणाने त्यांनी रमाबाईंना दारापर्यंत आणले. आतली वाट रमाबाईंना स्वतःच काढावी लागली.

गोरे यांची स्वतःची कन्या मात्र त्या वाटेने प्रमाणांवाचूनच गेली. एलन लक्ष्मीचा जन्म ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीस झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. मुलीला जन्म देऊन ती लवकरच वारली. पिता इंग्लंडच्या मार्गाला लागला आणि हे मूल स्मेल्स नावाच्या एका निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबात वाढू लागले. १८५७ च्या उठावात त्या कुटुंबाचे सर्वस्व गेले. मग स्टॉर्स नावाच्या मिशनरी पाळकाने तिला आपल्या घरात घेतले व पुढे इंग्लंडला नेले. जन्मदात्री गेली, जन्मदाता दूर, पहिले पालक उद्ध्वस्त, आणि अखेर जन्मभूमीही सुटली. बारा वर्षांच्या आत जिचे घर इतक्या वेळा बदलले, तिला निवाऱ्याची कल्पना कोणत्याही धर्मशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

१८८० मध्ये ती हिंदुस्थानात परत आली व अमृतसरला स्त्रियांमध्ये काम करू लागली. १८८३ मध्ये तिच्या इंग्रजी स्तोत्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. संग्रहाच्या नावात ‘भारताचा प्रवाळतट’ आहे. हा शब्दप्रयोग कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या १८१९ मधील सुप्रसिद्ध मिशनगीतातला. काशीत जन्मलेल्या मुलीला प्रवाळांचा किनारा कोठून दिसावा? पण त्या काळच्या इंग्रज वाचकाला हिंदुस्थान असाच दिसत होता, आणि संग्रह त्याच्यासाठी होता. त्याच नावाखाली एका गीताने मात्र हीबरचा सारा प्रदेश मागे टाकला.

ते गीत प्रभूच्या सान्निध्याच्या गुप्तस्थानाविषयी आहे. मूळ कल्पना एकतिसाव्या स्तोत्रातील आहे. तेथे देव आपल्या भक्तांना माणसांच्या कारस्थानांपासून आपल्या समक्षतेच्या आडोशाला लपवितो. एलनने त्यातील शत्रू काढून टाकले व आडोसा तेवढा ठेवला. प्रभूच्या कुशीला बसून शिकणे, थकल्यावर त्याच्या पंखांच्या सावलीतील झऱ्याशी जाणे, मनातील दुःखे व शंका त्याला सांगणे आणि त्याने त्या धीराने ऐकणे, अशी ही रचना एका रोजच्या भेटीचे वर्णन करते. यात भावुकतेचा धोका होता. तो टळला आहे दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे या भेटीत प्रभू फक्त सांत्वन करीत नाही, चुका दाखवून कानउघाडणीही करतो. तसे न करणारा मित्र कसला, असा तिचा रोखठोक सवाल आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हे गुप्तस्थान सोडून बाहेर यावे लागते याचे भान. भेटीहून परतणाऱ्याच्या मुखावर धन्याची खूण उमटली पाहिजे, अशी अट गीताच्या शेवटी येते. ऑक्सफर्डमध्ये बसून पित्याने ज्या गोष्टीच्या अभावाबद्दल खेद केला होता, तीच ही गोष्ट.

शंका हा शब्द या गीतात आला आहे, याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. पित्याने शंकांची उत्तरे लिहिली. कन्येने त्या सांगून टाकल्या. पित्याच्या लेखी शंका ही देव व मनुष्य यांमधील भिंत होती, आणि ती पाडल्याखेरीज पलीकडे जाणे त्यांना अप्रामाणिक वाटत होते. कन्येच्या लेखी शंका ही त्या भेटीतल्या बोलण्याचाच एक विषय. ती सुटते की नाही हे गीत सांगत नाही; ती ऐकून घेतली जाते एवढेच सांगते. मूडी व सँकी यांच्या वर्तुळातील जॉर्ज स्टेबिन्स यांनी या शब्दांना चाल दिली व ते प्रार्थनासभांतून, घरांतून गायिले जाऊ लागले. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना कवयित्री हिंदुस्थानातील आहे याचा पत्ता नव्हता. ती काशीच्या चित्पावन शास्त्र्याची मुलगी आहे हे तर त्याहून थोड्यांना ठाऊक.

आणि मराठी वाङ्मयेतिहासाला तरी ते कोठे ठाऊक आहे? गोरे यांचा उल्लेख रमाबाईंच्या चरित्रात ओझरता येतो. एलनचा तेवढाही येत नाही. कारण उघड आहे. पित्याने संस्कृतात व हिंदीत लिहिले, कन्येने इंग्रजीत, आणि आपला इतिहास भाषेच्या कुंपणात उभा आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले तेव्हापासून मराठीत ख्रिस्तभक्तीला ओवी मिळाली होती, आणि पुढे नारायण वामन टिळकांनी तिला अभंग दिला. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. गोरे यांचे निधन मुंबईस त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरचे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. त्यांना सान्निध्याची भाषा घरातच मिळाली. देवाशी भांडण्याची, रुसण्याची, त्याला आई म्हणण्याची सारी मोकळीक तीत तयार होती. गोरे यांच्यापाशी ती भाषा नव्हती असे नाही. शास्त्रार्थाच्या सभेत ती काढता येत नाही, आणि त्यांचे अर्धे आयुष्य त्या सभेत गेले. एलनपाशी मात्र ती खरोखरच उरली नव्हती. जी आई तिला अंगाईत ती देऊ शकली असती तिचा सहवास तिला काही महिन्यांपुरताच मिळाला. तिच्या गीतातला एकान्त, सावली आणि सेवकाला रागावणारा मित्र ही चित्रे बायबलाची आहेत हे खरे. परंतु ती एकत्र आणणारी जवळीक वाचताना एखादा अभंग दुसऱ्या भाषेत वाट चुकून गेला आहे असा भास होतो. तो भासच आहे, पुरावा नव्हे, हे येथे मान्य केले पाहिजे.

पुढे एलन अलाहाबादेस बिशप जॉन्सन अनाथालयाची प्रमुख झाली आणि १८९७ मध्ये तिला डीकनेसची दीक्षा मिळाली. जिला स्वतःला तीन घरांनी सांभाळले तिने आता दुसऱ्यांची मुले सांभाळली. काशी तेथून दूर नव्हती. १९३७ साली तिचे निधन झाले. पित्याचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा तरुणपणीचा संस्कृत ग्रंथ, ज्यात श्रद्धेला तर्काच्या पुढचे स्थान दिले आहे, तो त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५१ मध्ये, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून उज्जैनहून प्रसिद्ध केला.